गोवा ‘लढाईशिवाय’ मिळालं म्हणता, मग अंजदीवच्या बेटावर गेलेले सात नौसैनिक कोण होते?

केंदूर (ता. शिरूर) : चार डिसेंबरला नौदल दिन झाला. त्या दिवशी आमच्या गावातल्या निम्म्या पोरांच्या स्टेटसला कराची बंदर पेटलेलं होतं. १९७१ ची लढाई, आपल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी, मागं काळा धूर आणि वर डीजेचं गाणं. माझ्या पुतण्याच्या स्टेटसलाही तेच. अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी होती, त्याबद्दल वाद नाही. त्या रात्री आपला एकही माणूस गेला नाही आणि समोरच्याचं बंदर पेटलं.

दोन दिवसांनी तोच पुतण्या कांद्याला पाणी देताना बांधावर आला. म्हणाला, “नाना, नेव्हीचा अग्निवीरचा फॉर्म भरायचाय. एसएसआर भरू का एमआर?”

बारावी सायन्स झालेला आहे, गणित आणि फिजिक्स आहे, म्हणजे एसएसआर भरता येतो. एमआर दहावीवर असतो. एवढं सांगून मी त्याला विचारलं, “भर की. पण आधी सांग, अंजदीव ठाऊक आहे का?”

“कुठला देव म्हणालात?”

मला हसू आलं. पण मग विचार केला की त्या पोराचं काय चुकलं? आपल्या आख्ख्या भागात, शिरूरपासून दौंडपर्यंत किती जणांना हे नाव माहीत असंल? मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर समजलं. म्हणून आज हे लिहितोय. आज १८ डिसेंबर, उद्या गोवा मुक्तिदिन. बरोबर ६४ वर्षांपूर्वी आजच्याच सकाळी त्या बेटावर आपल्या नौदलाचे सात तरुण खलाशी गेले.

आपल्या मातीशी असलेलं जुनं नातं

अंजदीव हे कारवारच्या समोर समुद्रातलं छोटंसं बेट. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या वेशीपासून निघून एखादी वस्ती ओलांडली की संपलं. समोरचा किनारा कर्नाटकाचा, पण बेट गोव्याचं, काणकोण तालुक्यात धरतात. कारण ते पोर्तुगिजांकडं होतं.

या बेटाचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी म्हणंल. वढू बुद्रुक आपल्याच तालुक्यात आहे. संभाजी महाराजांच्या समाधीला आपण दरवर्षी जातो, गुलाल-फुलं वाहतो. त्याच संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये या अंजदीववर आरमाराचं ठाणं करायचं मनावर घेतलं होतं. पोर्तुगिजांना सुगावा लागला, त्यांनी आधीच माणसं उतरवली आणि किल्ला बांधून टाकला. घोड्यावरचा राजा म्हणून आपण महाराजांना ओळखतो, पण समुद्रातल्या दीड किलोमीटरच्या तुकड्याची किंमत त्यांनी तेव्हाच ओळखली होती.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली हे शाळेत शिकवतात. पण १६६२ मध्ये मुंबईचा ताबा घ्यायला आलेल्या इंग्रज सैनिकांना पोर्तुगिजांनी मुंबईत घेतलंच नाही. ते जाऊन थांबले या अंजदीववर. तापानं, उपासमारीनं तिथं शेकडो मेले, त्यांचा सरदार अब्राहम शिपमनही तिथंच मेला. जे मूठभर उरले त्यांनी १६६५ मध्ये मुंबई ताब्यात घेतली. म्हणजे या बेटावर तरुण पोरं मरायची रीत जुनीच म्हणायची.

त्या सकाळी काय झालं

आता १९६१ कडं येऊ. भारत स्वतंत्र होऊन १४ वर्षं झाली तरी गोवा, दमण आणि दीव पोर्तुगिजांकडंच होतं. सालाझार नावाचा त्यांचा हुकूमशहा बोलणीच करायला तयार नव्हता. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून आपल्या साबरमती नावाच्या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांनी मच्छिमारांच्या होडीवर गोळ्या झाडल्या, त्यात एक मच्छिमार गेला. पोटासाठी जाळं टाकणारा माणूस. तिथून वातावरण तापलं. डिसेंबरच्या एक तारखेपासून बेतवा आणि बियास ही आपली जहाजं गोव्याच्या समुद्रात गस्त घालू लागली.

त्या वेळी आपल्या आरमारी ताफ्याचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. मराठी माणूस. पुढं १९६२ मध्ये तेच देशाचे नौदलप्रमुख झाले. त्यांचंही नाव आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही.

१८ डिसेंबरला पायदळ गोव्यात शिरलं, विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, मुरगाव बंदरात अफोंसो द आल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेशी आपल्या जहाजांची तोफांची लढाई झाली. या सगळ्याच्या बाजूला, दक्षिणेला, अंजदीव ताब्यात घ्यायचं काम नौदलावर होतं. म्हैसूर ही मोठी क्रूझर आणि त्रिशूल ही फ्रिगेट अशी दोन जहाजं तिथं पाठवली.

बेटावर उतरले कोण? इथं थांबून नीट वाचा. उतरले ते पायदळाचे जवान नव्हते. आपल्याकडं तेव्हा समुद्रातून जमिनीवर उतरून लढणारी खास तुकडी नव्हतीच. आज ज्यांना मार्कोस म्हणतो ते कमांडो १९८७ मध्ये आले. त्यामुळं १९६१ ला उतरले ते जहाजावरचे खलाशीच. इंजिन चालवणारे, दोर ओढणारे, तोफ साफ करणारे, सिग्नल वाचणारे. त्यांच्या हातात बंदुका देऊन होड्यांत बसवलं आणि लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांच्या हाताखाली पाठवलं.

सकाळी सव्वासातच्या सुमारास पहिली तुकडी उतरली. कुणी गोळी झाडली नाही. बेटावर पांढरं निशाण दिसत होतं. पांढरं निशाण म्हणजे शरण आलो, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगंल. मग दुसरी तुकडी होड्यांतून निघाली आणि किनाऱ्याजवळ आली तशी बेटावरून मशीनगन सुरू झाली.

होडीतल्या माणसाला आडोसा नसतो. जमिनीवर बांध असतो, दगड असतो, ओघळ असतो. पाण्यावर काय असतं? फळी. फळीतून गोळी आरपार जाते. सात खलाशी मारले गेले आणि दोन अधिकाऱ्यांसह १९ जण जखमी झाले. पांढऱ्या निशाणाचा हा दगाफटका आपल्या नौदलाच्या इतिहासात नोंदलेला आहे.

मग त्रिशूल आणि म्हैसूरच्या तोफा बोलल्या. तरी बेट लगेच पडलं नाही. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास ते ताब्यात आलं. पोर्तुगिजांकडचा एक साधा शिपाई तर समुद्रातून पोहत किनाऱ्यावर गेला आणि २२ डिसेंबरला सापडला.

त्याच १९ तारखेला संध्याकाळी वास्कोच्या बाजूला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. सालाझारनं त्यांना शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम दिला होता. त्यांनी तो मानला नाही. म्हणून गोव्यात रक्ताचे पाट वाहिले नाहीत, हे त्या माणसाचं मोठेपणच म्हणायचं. घरी गेल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं.

‘३६ तासांत’ या शब्दात काय हरवलं

आता मुद्द्यावर येतो. आपण लहानपणापासून काय ऐकतो? गोवा ३६ तासांत मिळालं. फारशी लढाई झालीच नाही. पोर्तुगिजांनी हात वर केले. दरवर्षी १९ डिसेंबरला टीव्हीवर हेच सांगतात, आणि मग लगेच गोव्याचे समुद्रकिनारे दाखवतात.

हिशेब मांडून बघा. या आख्ख्या कारवाईत भारताचे २२ जण गेले. त्यातले सात या एका दीड किलोमीटरच्या बेटावर. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. हजारो माणसांची फौज गोव्यात शिरली, पण त्या मूठभर खलाशांनी एवढी मोठी किंमत दिली. जी लढाई सोपी झाली असं आपण म्हणतो, तीच त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड होती.

लढाई छोटी असली की मेलेल्याचं नावही छोटं होतं. कारगिलच्या जवानाचा पुतळा चौकात होतो, व्हावाच. पण ज्या लढाईचं नावच लोकांना ठाऊक नाही, तिथं गेलेल्याच्या आईनं कुणाला काय सांगायचं? माझं पोरगं गोव्याला मेलं म्हटलं तर आजचा माणूस विचारंल, फिरायला गेला होता का?

त्या सात जणांचं स्मारक आहे, नाही असं नाही. गोव्यात नौदलाच्या गोमंतक तळावर आहे. पण तळावर म्हणजे नौदलाच्या कुंपणात. आपली सहल जाते ती कलंगुट, बागा, जमलंच तर मंगेशी. शाळेची सहल सुद्धा तिकडं वळत नाही.

उलट पोर्तुगालचं बघा. त्याच दिवशी, १८ डिसेंबरला, दीवजवळच्या समुद्रात वेगा नावाची त्यांची छोटी गस्ती बोट आपल्या विमानांनी उडवली. तिच्यावरचा तरुण अधिकारी ऑलिव्हेरा ई कार्मो मारला गेला. वय २५. पोर्तुगाल हरलं, सगळं गमावून बसलं, पण त्या पोराचं नाव त्यांनी पुढं एका युद्धनौकेला दिलं. ते आपले शत्रू होते, त्यांचं राज्य अन्यायाचं होतं, ते जायलाच हवं होतं. पण त्याचीही आई असंलच. हरलेल्या देशानं आपलं पोरगं लक्षात ठेवलं आणि जिंकलेला देश मुक्तिदिनाची सुट्टी धरून बीचवर गेला, हे काही मला बरं वाटत नाही.

त्याच दीवजवळ दहा वर्षांनी

दीवचा विषय निघालाच आहे तर खुकरीबद्दल बोललंच पाहिजे. स्टेटसला कराची ठेवणाऱ्या पोरांनी हे जरूर वाचावं, कारण कराचीवरचा पहिला हल्ला ४ डिसेंबरचा, दुसरा ८ डिसेंबरच्या रात्रीचा, आणि खुकरी गेली ती ९ डिसेंबरच्या रात्री. लागूनच. पण ९ डिसेंबरला कुणाच्या स्टेटसला काही नसतं.

दीवच्या बाजूला पाकिस्तानची पाणबुडी आहे असा सुगावा लागला म्हणून खुकरी आणि कृपाण ही दोन जहाजं तिला शोधायला पाठवली. पाणबुडीचं नाव हंगोर. फ्रान्सकडून घेतलेली, नव्या बनावटीची. तिला लांबूनच आपली जहाजं ऐकू येत होती. आपल्या जहाजांचा पाण्याखाली ऐकायचा यंत्रसंच, सोनार म्हणतात त्याला, तेवढ्या लांबचं पकडत नव्हता. खुकरीवर त्या सोनारमध्ये सुधारणा करायचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी जहाज हळू चालवलं जात होतं. पाणबुडी आसपास असताना हळू चालणं बरोबर होतं का, यावर नौदलातल्या जुन्या लोकांत आजही वाद आहे.

रात्री पावणेनऊच्या सुमारास टॉर्पेडो लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. एकूण १९४. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, इतरांना बाहेर काढत राहिले आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी कृपाण आणि कच्छाल ही जहाजं परत त्या जागी गेली, ६७ जण जिवंत सापडले.

आपल्या एखाद्या मध्यम गावाची लोकसंख्या धरा आणि त्यातली सगळी तरणी माणसं एका मिनिटात काढा. तेवढी ती माणसं होती. आणि त्यांचं अंत्यदर्शन कुणालाच झालं नाही. सैनिक जमिनीवर गेला तर तिरंग्यात लपेटून घरी येतो. गाव रडतं, पोलीस सलामी देतात, बाप अग्नी देतो. समुद्रात गेलेला येतच नाही. त्या काळी तार यायची. तारेवर तेरावं घालायचं का वाट बघायची, हे घरच्यांनी ठरवायचं. कित्येक घरांत बायका कुंकू लावायचं का नाही यावर अडून बसल्या असतील, ते कुठल्या इतिहासात लिहिलेलं नसतं.

दीवच्या टेकडीवर आता खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. नंतर माझगाव गोदीत बांधलेल्या दुसऱ्या जहाजालाही खुकरीचंच नाव दिलं. ते ३२ वर्षं चाललं, २०२१ मध्ये निवृत्त झालं आणि आता दीवलाच ठेवलंय. सोमनाथ-दीव यात्रेला आपल्याकडच्या गाड्या जातातच. जाणाऱ्यांनी अर्धा तास तिथं घालवावा.

धाडस कमी नव्हतं, तयारी कमी होती

अंजदीव आणि खुकरी, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यात भरते. दोन्हीकडं पोरांचं धाडस कमी पडलं नाही. एकीकडं जमिनीवर लढायचं काम जहाजावरच्या पोरांना दिलं. दुसरीकडं नव्या पाणबुडीला शोधायला जुना कान दिला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बैल दमदार होते, औतच मोडकं होतं.

आज परिस्थिती बदलली हेही सांगितलं पाहिजे, नुसतं रडगाणं नको. आज त्याच अंजदीवला लाटा अडवणारा बांध घालून किनाऱ्याशी जोडलंय आणि तिथं कारवारचा कदंब नावाचा मोठा नौदल तळ आहे. विमानवाहू विक्रमादित्यचं घर तेच. ज्या बेटासमोर आपल्या होड्यांवर गोळ्या चालल्या, त्याच्याच आडोशाला आता आपली सगळ्यात मोठी जहाजं उभी राहतात. यंदा मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपलं आरमार उत्तर अरबी समुद्रात तयारीत उभं होतं. समोरच्याची जहाजं बाहेर पडली नाहीत. हे सामर्थ्य खरं आहे.

पण ते सामर्थ्य चालवणारा हात १९-२० वर्षांच्या पोराचाच असतो. आता त्या पोराबद्दल बोलू, कारण तो आपल्या घरातला आहे.

केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई, धामारी ही आमची बाजू पहिल्यापासून पाण्याला महाग. वेळ नदी उन्हाळ्यात कोरडी पडते. ज्या गावात टँकरची वाट बघत पोरं मोठी झाली, त्याच गावातली पोरं समुद्रावर नोकरी करायला निघालीत, हा नशिबाचा खेळच म्हणायचा. आमच्या वेळी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवायचे. आता विहिरींना पाणी नाही आणि शेततळ्याचा कागद इतका निसरडा की पडलेला वर येत नाही, म्हणून आया पोरांना पाण्याजवळ जाऊ देत नाहीत. त्यामुळं नेव्हीचा फॉर्म भरणाऱ्या निम्म्या पोरांना पोहता येत नाही. भरती व्हायचंय त्यांनी आधी हे बघा.

रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी काम आहे, पण ते आज आहे उद्या नाही. कांद्याचं तर बोलायलाच नको. त्यामुळं सकाळी रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. बिबट्याच्या भीतीनं आता अंधारात पळता येत नाही, उजाडायची वाट बघतात. ही पोरं देशप्रेमानंही जातात आणि घराला हातभार म्हणूनही जातात. दोन्ही खरं आहे, त्यात लाजायचं काही नाही.

अग्निवीर झाल्यावर घरच्यांना काय मिळतं

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात म्हणजे हातात २१ हजार. चौथ्या वर्षी ४० हजार. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना कायम करणार, बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी. नौदलाची पहिली अग्निवीर तुकडी ओडिशातल्या चिल्का इथं साधारण चार महिने शिकून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. त्यात मुलीही होत्या. म्हणजे त्या पहिल्या पोरांची चार वर्षं पुढच्या वर्षाअखेर भरतात. कोण राहतंय आणि कोण परत येतंय हे तेव्हा कळंल.

कामावर असताना अग्निवीर गेला तर काय? विमा ४८ लाख. कर्तव्यामुळं मृत्यू झाला तर सानुग्रह ४४ लाख. राहिलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी वेगळा. ऐकायला रक्कम मोठी आहे आणि आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर सियाचीनला गेला, तेव्हा लष्करानं हे सगळे आकडे जाहीर केले होते.

जे मिळत नाही ते म्हणजे पेन्शन. कायम सैनिक युद्धात गेला तर त्याच्या घरच्यांना उदारीकृत कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे शेवटच्या पगाराएवढं. अग्निवीराच्या घरी ते नाही. यंदा ९ मे रोजी नियंत्रण रेषेवर घाटकोपरला कुटुंब असलेला एक अग्निवीर गेला. त्याच्या आईनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, की गोळी दोघांना सारखीच लागते मग हा फरक का? न्यायालय काय ते ठरवंल. पण प्रश्न बरोबर आहे.

काही जण म्हणतात, एकरकमी कोटभर मिळतात, पेन्शन कशाला? त्यांनी गावात फिरून बघावं. रस्त्यात, एमआयडीसीत जमीन गेलेल्यांकडं एकदम पैसा आला, त्यातल्या किती घरांत तो टिकला? गाडी आली, बंगला झाला, भाऊबंदकी कोर्टात गेली. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते, म्हातारीच्या खात्यावर येते, ती कुणाला विकता येत नाही. १९६१ ला आणि ७१ ला गेलेल्यांच्या विधवा ज्याच्यावर जगल्या ते महिन्याचं पेन्शनच. थोडं होतं, पण मरेपर्यंत होतं. माझं मत विचाराल तर चार वर्षांची नोकरी ठेवायची तर ठेवा, पण लढाईत गेलेल्याच्या आईबापाला पेन्शन द्या. देशात अशी घरं फार नसतील, सरकारला ते जड नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. पुतण्याची कागदपत्रं मी काढून बघितली. दाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच. माहेरचं, सासरचं आणि मास्तरनं ऐकलं तसं. आपल्याकडं घरोघरी हेच आहे. नौदलाच्या कागदावर जवळचा वारस म्हणून जे नाव जातं ते आणि आईचं आधार जुळलं नाही, तर नको ती वेळ आल्यावर त्या बाईनं कुणाच्या दारात उभं राहायचं? पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कामात मदत मिळते. गावातल्या माजी सैनिकांना पत्ता माहीत असतो. भरतीच्या अकॅडमीला हजारो रुपये फी भरणाऱ्या बापानं या कागदासाठी एक दिवस मोडावा.

हे सगळं मी पुतण्याला बांधावर बसून सांगितलं. मला वाटलं पोरगं घाबरंल. त्यानं मोबाईलवर अंजदीव शोधलं, कारवारचा नकाशा मोठा करून बघितला. म्हणाला, “नाना, एवढंसं आहे की.” मग थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, “त्यांना परत फिरता नसतं आलं का?”

मी म्हणालो, होडीतून कुठं फिरणार?

फॉर्म तो भरणारच आहे. वहिनी काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. सोमवारी तिला घेऊन शिरूरला जातोय, आधारवरचं नाव दुरुस्त करायला. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी आठला एसटी स्टँडवर यावं. मूळ दाखला, रेशनकार्ड आणि लग्नाची नोंद असंल तर ती बरोबर ठेवा.